लाव्याचं घर ओळखायचं तर गवताच्या बुडाशी बघा

माळावर लावे, म्हणजे गवतात दबून राहणारे छोटे पक्षी, शोधायला निघालो की मी खिशात एक जुना टेनिसचा चेंडू टाकतो. बरोबरची मंडळी हसतात, पण मला तो दुर्बिणीइतकाच उपयोगी पडतो. गवतात गुडघे टेकून बसायचं, चेंडू जमिनीलगत हलकेच घरंगळत सोडायचा आणि बघत राहायचं. दहा-बारा फूट सरळ जाऊन तो डोळ्यांसमोरच थांबला, तर जागा फार उघडी. हातभर जाऊन गवतात रुतला, तर फार दाट. दोन-चार बुंध्यांना टेकत, वळसे घेत पाच-सात फूट गेला आणि दिसेनासा झाला, तर तिथे जरा वेळ बसून राहावं. लावा असण्याची शक्यता बरी आहे.

चेंडूच का, तर मान आखडून बसलेला लावा साधारण त्याच मापाचा असतो. आपल्याकडचा पावसाळी लावा चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत सहा-साडेसहा इंच. उडतो तो नाइलाजाने, पायाखाली येण्याची वेळ आली की. बाकी दिवसभर चालणं, टिपणं आणि दबून बसणं. गवत कंबरेएवढं आहे की गुडघ्याएवढं, यानं त्याला फारसा फरक पडत नाही. त्याचं सगळं जगणं जमिनीपासूनच्या पहिल्या वीतभर उंचीत चालतं. वरून शिक्रा आणि हिवाळ्यात येणारे हॅरियर हे शिकारी पक्षी, खालून मुंगूस, रानमांजर आणि घोरपड. म्हणून त्याला डोक्यावर छप्पर हवं आणि पायाखाली मोकळं अंगण. नुसतं छप्पर असेल तर चालता येत नाही, नुसतं अंगण असेल तर जीव वाचत नाही.

वनस्पती ओळखायला बसलेला माणूस बहुतेक वेळा इथेच चुकतो. मीही चुकलो. फुलं बघून, तुरे बघून गवतांची नावं पाठ केली, वही भरली, आणि लावे मात्र मी ज्या तुकड्याला ‘साधं तण’ म्हणून ओलांडून जायचो तिथून भर्रकन उडायचे. एकदा पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजूला मेंढरं चारणाऱ्या एका काकांना विचारलं, ‘‘काका, लावरी कुठल्या गवतात असते?’’ त्यांनी काठीनं एक बुंधा बाजूला केला. ‘‘शेंड्याकडं काय बघतोस? हितं बघ, बुडात.’’ बुडात बोटभर रुंदीची वाट होती, चार-पाच काळे दाणे आणि एक करडं पीस.

आधी पक्ष्याची थोडी ओळख

‘लावा’ किंवा ‘लावरी’ या एकाच नावाखाली आपण तीन वेगळ्या तऱ्हेचे पक्षी घालतो. पावसाळी लावा आणि हिवाळ्यात येणारा साधा लावा हे खरे गवतातले. पावसाळी नराच्या छातीवर काळा डाग असतो आणि जून-जुलैत तो ‘व्हिट-व्हिट’ असा दोन ठोक्यांचा आवाज सारखा काढत बसतो. साध्या लाव्याचे ठोके तीन. दुसरी तऱ्हा झुडपी लाव्यांची. हे थव्यानं राहतात, पाचापासून वीसपर्यंत. झुडपाखाली एकत्र दबून बसतात आणि अगदी पाय पडायच्या बेताला आला की सगळे एकदम दहा दिशांना फुटतात. काळजाचा ठोका चुकतो. मग शीळ घालून एकमेकांना पुन्हा गोळा करतात. तिसरा दिसायला लावा, पण नात्यानं लावाच नव्हे. त्याच्या पायाला मागचं बोट नसतं, पुढची तीनच. शास्त्रज्ञ त्याला पाणथळीतल्या टिटवी-तुतारीच्या गोतात धरतात. त्याची मादी मोठी आणि रंगीत. ती अंडी घालून दुसरा नर शोधायला जाते आणि अंडी उबवतो तो बाप.

तिघांच्या आवडीत फरक आहे. गवतातल्यांना गवत आणि पीक हवं, झुडप्यांना काटेरी झुडूप हवं, तीन बोटांचा दोन्हीकडे भागवून नेतो. तेव्हा एकच ‘लाव्याची वनस्पती’ अशी काही नसते.

आता गवतं

दख्खनच्या पठारावर, पावसाच्या सावलीत पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांच्या पूर्व भागात जे माळ आहेत, तिथे तीन गवतं ओळखता आली तरी निम्मं काम झालं. तिन्ही बहुवर्षीय, म्हणजे वाळली तरी मुळं जिवंत राहतात आणि पाऊस पडला की त्याच बुंध्यातून फुटतात.

मारवेल ओळखायला तुऱ्याची वाट बघावी लागत नाही. काडी हातात घ्या आणि गाठीवर बघा. गाठीभोवती पांढऱ्या बारीक केसांचं कडं असतं, पायातल्या तोड्यासारखं. तुरा आला की हाताची बोटं पसरल्यासारख्या जांभळट कांड्या एका जागेतून निघतात. गुरांचं हे लाडकं गवत, त्यामुळे चराईच्या माळावर ते काटेरी झुडपाच्या आडोशालाच शिल्लक दिसतं.

पवन्याला एकच कणीस असतं, बोटांसारखं फुटत नाही. फिकट, लांब कुसळांचं, वाऱ्यावर एका बाजूला झुकणारं. याचे बुंधे एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून वाढतात आणि मधल्या गल्ल्या मोकळ्या राहतात. माझ्या मते लाव्यासाठी याहून चांगलं गवत माळावर नाही, आणि ते दाण्यामुळे नाही, तर या गल्ल्यांमुळे.

तिसरं कुसळी. हे ओळखायला शिकवावं लागत नाही, नोव्हेंबरात माळावरून घरी आल्यावर मोजे बघितले की ओळख होते. बियाला अणकुचीदार टोक आणि मागे काळपट तांबूस लांब शेपूट. ती शेपूट ओल लागली की उलगडते, सुकली की पीळ घेते, आणि या उलट-सुलट फिरण्यात बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. पिकलेल्या कुसळीचे शेंडे एकमेकांत गुंतून वेणी पडते. ती वेणी म्हणजे लाव्याचं आयतं छप्पर. कुसळीचा दाणा मात्र खायला अवघड जागचं दुखणं, म्हणून ही निवाऱ्याची वनस्पती धरावी, खाण्याची नव्हे.

एक इशाऱ्याचं गवतही लक्षात ठेवा. घोट्याएवढं, विरळ, दाण्याला तीन फाट्यांचं कुसळ असलेलं. बारकाईनं बघितलं की छोट्या त्रिशूळासारखं दिसतं. अतिचराईनं झिजलेल्या मुरमाड जमिनीवर हेच उरतं. सगळा माळ त्रिशूळांनी भरलेला दिसला की चेंडू खिशातच ठेवावा.

ज्याला आपण तण म्हणतो

आता ज्या भागावर जरा जास्त वेळ घालवायला हवा तो. लाव्याचं पोट भरतं ते डौलदार गवतांवर नाही, तर बांधावरच्या, पडीतल्या, खुरपणीतून सुटलेल्या तणांवर. कारण सरळ आहे. एका वर्षात उगवून मरणाऱ्या झाडाला पुढच्या वर्षाची तरतूद फक्त बियांतूनच करता येते, म्हणून ते बिया बेसुमार करतं, आणि त्या सगळ्या जमिनीवर सांडतात. लाव्याचे पाय कोंबडीइतके जोरात उकरणारे नाहीत. उघड्या मातीवर पडलेला दाणा तो टिपतो, पालापाचोळ्याच्या जाड थराखालचा त्याला सहज मिळत नाही.

माठ घ्या. रानमाठ असो की देठाच्या बगलेत दोन काटे असलेला काटेमाठ. पिकलेला तुरा तळहातावर चोळा आणि फुंकर मारा. खाली उरेल तो एक मिलिमीटरच्या आसपासचा काळा चकचकीत दाणा. राजगिरा याच घराण्यातला, फक्त पांढरा आणि शेतातला. एका झाडाखाली असे हजारो दाणे पडतात. कुर्डूचंही तसंच. पांढऱ्या-गुलाबी मेणबत्तीसारखे तुरे दिवाळीच्या सुमारास सगळ्या बांधांवर उभे असतात, शेतकऱ्याच्या डोक्याला ताप. तुरा उलटा करून झटका, काळे भिंगासारखे दाणे पडतील. कुर्डूचा दांडा बुडाशी एकच असतो आणि फांद्या वर, म्हणजे खालून चालायला जागा मोकळी.

रानसावा ओळखण्याची एक खूण मला फार आवडते, कारण ती ‘नसण्या’ची खूण आहे. बहुतेक गवतांत पान जिथे काडीला मिठी मारतं, तिथे आतल्या बाजूला एक पातळ पडदा किंवा केसांची झालर असते. पान मागे ओढून बघा. सावा असेल तर तिथे काहीच नाही, जागा गुळगुळीत. पानावर अनेकदा जांभळे आडवे पट्टे असतात. कणसाच्या आखूड फांद्यांवर दाणे दाटीनं ओळीत बसलेले. उपासाला भगर म्हणून जो सावा खातात, ते पीक याच रानट्या साव्यातून माणसानं निवडून केलं. लाव्यानं निवडानिवड केली नाही, तो मूळ मालच खातो. ओलसर खाचरात, विहिरीच्या थारोळ्याकडे, पाटाच्या कडेला हा हमखास सापडतो. त्याच्याच शेजारी राळ्याची रानटी बहीण असते, बोटभर दंडगोल कणसाची, सोनेरी केसाळ. उन्हाकडे धरली की कणसाभोवती तेज दिसतं.

शेंगवर्गातली बारीक झाडं बहुतेकांच्या नजरेतून सुटतात, कारण ती जमिनीला चिकटून असतात. रानमूग, रानमेथी, बरबडा. रानमुगाचं पान तीन दलांचं आणि प्रत्येक दल पुन्हा खाचा पाडून कापलेलं, फूल पिवळं, शेंग मुगासारखीच पण काडीएवढी बारीक. रानमेथीच्या शेंगेला मण्यांसारखे जोड असतात आणि वाळल्यावर त्या जोडांवर तुटून एकेक दाण्याचे तुकडे कपड्यांना चिकटतात. बरबड्याची पानंही तीन दलांची, फुलं बारीक लालसर, शेंग जेमतेम तांदळाएवढी. दुष्काळात माणसांनीसुद्धा बरबड्याच्या बिया दळून भाकरी थापल्या आहेत, यावरून त्यात किती कस आहे ते समजावं. गवताच्या दाण्यात पिष्ट जास्त, शेंगेच्या दाण्यात प्रथिनं जास्त. लाव्याला दोन्ही लागतात.

केना तर घरोघर ठाऊक आहे, निळ्या दोन पाकळ्यांचा. त्याची एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. हलक्या हातानं मुळासकट उपटून बघा. जमिनीखाली पांढुरकी, न उमलणारी फुलं लागलेली असतात आणि त्यांना तिथेच बी धरतं. वरचं सगळं गुरांनी खाल्लं तरी खालची शिल्लक सुरक्षित. मजूर खुरपून खुरपून दमतात तरी केना का संपत नाही, याचं हे एक उत्तर.

पण पावसाळ्यात या तणांचं खरं मोल दाण्यापेक्षा वेगळ्या गोष्टीत आहे. लाव्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की लगेच आईमागे चालू लागतं. आकारानं मोठ्या भुंग्याएवढं. त्याला काही आठवड्यांत पिसं काढायची असतात, आणि ती नुसत्या दाण्यांवर येत नाहीत. त्याला लागतात किडे: कोवळे नाकतोडे, वाळवी, मुंग्या, अळ्या. एकसुरी गवतापेक्षा रुंद पानांच्या तणावर हे किडे जास्त मिळतात. टाकळ्याचं पान उलटं करून बघा, पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या पानाच्या शिरेवर ताणून पडलेल्या सापडतील. टाकळा म्हणजे तरोटा. पानावर दलांच्या तीन जोड्या, संध्याकाळी मिटणाऱ्या, आणि पुढे विळ्यासारखी वाकलेली शेंग. भाजीला आपण कोवळा खुडतो तोच. गुडघाभर वाढला की खाली गार सावली, वर अळ्या. पिल्लांचं पाळणाघर आणि स्वयंपाकघर एकाच छताखाली.

काटे

मार्चनंतर माळ बघवत नाही. गवत कापून गेलेलं, उरलेलं चरून संपलेलं, काही ठिकाणी ‘जाळलं की गवत जोमात येतं’ या समजुतीनं पेटवलेलं. दाणा अजून मातीत असतो, पण डोक्यावर काही नाही. अशा वेळी झुडपी लावे कशाच्या आधारानं जगतात, ते बघायचं तर बोराटीजवळ जा.

बोराटी म्हणजे मोठं बोराचं झाड नव्हे. कंबरेएवढं पसरट झुडूप, नखाएवढी गोलसर पानं, खालून पांढरट लवदार. काटे जोडीनं: एक सरळ, दुसरा आकड्यासारखा वाकडा. सरळ काटा टोचतो, वाकडा सोडत नाही. शेळ्या वरून कुरतडत राहतात त्यामुळे झुडूप उंच न होता गच्च होत जातं, एखाद्या उलट्या टोपलीसारखं. पोटावर झोपून तिच्या खाली बघितलं की आत स्वच्छ, सपाट जमीन दिसते, वाळलेली बोरं, आठळ्या आणि बऱ्याचदा बशीएवढे उथळ खड्डे. भुसभुशीत मातीत लावे अंग घोळतात, पिसांतल्या उवा-गोचिडी घालवायला, त्याचे ते खड्डे. खड्ड्यात एखादं पीस पडलेलं असेल तर ओळख पक्की.

तरवडही चांगला आडोसा देतो, विशेषतः गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत म्हणून. पिवळी धमक फुलं आणि कागदासारख्या चपट्या शेंगा सगळे ओळखतात. फुलं नसताना देठाच्या बुडाशी बघा, कानाच्या पाळीसारखी दोन गोल पानं चिकटलेली असतात. हेंकळाच्या काट्याच्या टोकाला धार आणि काट्यावरच पानांचे झुबके. सह्याद्रीच्या बाजूला सरकलं की करवंदाच्या जाळ्या सुरू होतात: पान तोडलं की चीक, बारमाही हिरवं, जमिनीपर्यंत गच्च. करवंदाच्या जाळीत ससा, तित्तर, लावा सगळे भाडेकरू.

झुडपं किती हवीत, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मोजमापापेक्षा एक साधी गोष्ट बघावी: एका झुडपापासून दुसऱ्यापर्यंत लावा एका दमात उडत किंवा धावत पोचेल का. झुडपांचं रानच झालं तर गवत मरतं आणि गवतातले लावे जातात. अजिबात नसतील तर झुडपी लावे जातात.

हिरवं दिसतं, पण

काही झाडं फसवतात. गाजर गवत १९५५ मध्ये पुण्यात नोंदवलं गेलं आणि आता नाही अशी जागा सापडत नाही. दुरून बघितलं तर ते सगळ्या अटी पूर्ण करतं: गुडघाभर, वर दाट, खाली मोकळं. पण त्याच्या सोबतीला सावा, रानमूग, केना तग धरत नाहीत, म्हणजे छप्पर आहे आणि कोठार रिकामं. पुण्याच्या टेकड्यांवर सप्टेंबर-ऑक्टोबरात नारिंगी कॉसमॉस फुलतो, लोक फोटो काढायला गर्दी करतात. तोही बागेतून पळालेला पाहुणा आणि खालचं गवत दाबून टाकणारा. वेडी बाभूळ कोवळी असताना आडोसा देते हे मान्य, पण चार-पाच वर्षांत तिच्याखाली गवताची काडी उरत नाही. आणि ‘पडीक’ माळावर चर खोदून ओळीनं लावलेली ग्लिरिसिडियाची रोपं बघून मला दरवेळी वाईट वाटतं. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण माळ म्हणजे अर्धवट राहिलेलं जंगल नव्हे. सुप्याजवळचं छोटंसं मयूरेश्वर अभयारण्य किंवा सोलापूरजवळचं नान्नज इथे पावसाळ्यानंतर एकदा जाऊन आलात तर हे सांगावं लागणार नाही. पवन्या आणि कुसळीच्या लाटा आणि मध्येच बोराटीचे ठिपके.

ओळखीला बाहेर पडायचं तर ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर हा काळ धरा. तुरे पिकलेले असतात, दाणे हातावर येतात, आणि पावसाळी लाव्याची वीण बहुतेक आटोपलेली असते. जून ते सप्टेंबर गवत तुडवत फिरू नका. लाव्याचं घरटं म्हणजे गवताच्या बुंध्याशी नुसता खोलगट खळगा. पाय पडेपर्यंत कळत नाही. रानातला लावा पकडणं-मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हॉटेलात बटेर म्हणून मिळते ती पाळीव जपानी जात, तिचा या माळाशी संबंध नाही.

स्वतःची जमीन असेल तर काम सोपं आहे, थोडं लोकांचं ऐकून घ्यावं लागतं एवढंच. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं बाजरीच्या एका बांधावर तणनाशक मारायचं बंद केलं, तीन फुटांची पट्टी तशीच सोडली. पहिल्या वर्षी नुसता कुर्डू माजला. शेजारी म्हणाले, याचं बी आमच्याकडे उडतंय. दुसऱ्या वर्षी त्यानं कुर्डू तुरे पिकायच्या आत अर्धा उपटला, अर्धा ठेवला. मध्ये मारवेल शिरला, रानमूग पसरला, टोकाला आधीपासून असलेली बोराटी त्यानं तोडली नाही. गेल्या पावसाळ्यात त्याचा सकाळी फोन आला. बोलला काहीच नाही, फोन नुसता बांधाकडे धरून उभा राहिला असावा. पलीकडून दोन ठोके ऐकू येत होते, थोडं थांबून पुन्हा दोन.